शेगडीवरचा पांढरा फराटा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही मंडळी हसतील. शेगडी कशी पुसावी, हा काय रेडिओवरून सांगायचा विषय आहे? आणि तोही एका प्राध्यापकाने? माझ्या घरी जेव्हा मी हा विषय सांगितला, तेव्हा तिथेही असाच प्रश्न आला. फक्त शब्द जरा तिखट होते. परंतु गेली वीसएक वर्षे मी भूगोल शिकवतो आहे, आणि बारामती-इंदापूरच्या पाण्याचा भूगोल मला जितका एका गॅसच्या शेगडीने शिकवला तितका कोणत्याही नकाशाने शिकवला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा थोडा वेळ ऐकून घ्या. हसायचे असेल तर शेवटी हसा.

पूर्वी चूल होती. चूल-वैल, शेजारी भाणस, आणि सकाळी उठल्याबरोबर तिला पोतेरे द्यायचे, हा घराचा पहिला संस्कार होता. पांढऱ्या मातीच्या पाण्यात भिजवलेले फडके चुलीवरून फिरले, की कालचा धूर, कालची राख, कालचे उतू गेलेले दूध सारे झाकले जाई. झाकले जाई, हा शब्द लक्षात ठेवा. पोतेरे म्हणजे पुसणे नव्हे. ते एक नवे पुट चढवणे होते. त्यामुळे त्यावर हाताचे फराटे उमटले तरी कोणी नाव ठेवीत नसे. उलट बोटांच्या एकसारख्या वळणांवरून बाईचा हात ओळखला जाई.

मग वातीचा स्टोव्ह आला, गोबरगॅस आला आणि पुढे सिलिंडर आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर तर वाडीवस्तीवरच्या घरांतही गॅसची शेगडी पोचली. चूल अजून आहेच. भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला ती लागते. पण ओट्यावर चकचकीत पोलादी पत्र्याची किंवा काळ्या काचेची शेगडी बसली, आणि तिच्याबरोबर एक नवी कटकट घरात आली. शेगडी घासून पुसून ठेवावी, आणि तासाभराने पाहावे तो तिच्यावर पांढुरके पट्टे, ओघळ, थेंबांची गोल वर्तुळे! जणू कोणी पुसलेलीच नाही. चुलीवरचा फराटा हा कामाचा पुरावा होता; शेगडीवरचा फराटा हा आळसाचा पुरावा ठरला.

आता एक घरातलीच हकिगत सांगतो. माझी आत्या इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या भागात दिलेली आहे. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आतेभावाचे लग्न झाले, आणि वहिनी आल्या त्या भोरकडच्या. भोर म्हणजे डोंगराचा, भरपूर पावसाचा मुलूख. दिवाळीच्या सुटीत मी चार दिवस आत्याकडे गेलो, तो घरात जरा धुसफूस चाललेली दिसली. कारण काय, तर शेगडी.

आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, “पोरगी गुणाची हाय रं, पर हिचा हात न्हाई फिरत. शेगडी बघ की कशी पांढरी फटक दिसती. आमच्या हाताखाली असं कधी न्हवतं.”

मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी शेगडी पुसतच होत्या. अगदी मन लावून, जोर लावून पुसत होत्या. मला पाहून त्या हळूच म्हणाल्या, “भावजी, माहेरी मी हीच शेगडी, हाच साबण वापरत होते. तिथं आरशासारखी दिसायची. इथं माझ्या हाताला काय झालंय, काही कळत नाही.”

श्रोते हो, त्या घरात त्या वर्षी दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. वैशाखात सून आली, आणि ज्येष्ठाच्या आधी घरामागे नवा बोअर घेतला. तोवर घरात वापरायचे पाणी कालव्याच्या काठच्या विहिरीचे होते. म्हणजे घरातले माणूस बदलले आणि घरातले पाणीही बदलले. शेगडीवर फराटे दिसू लागले, तेव्हा सगळ्यांनी माणसाकडे बोट दाखवले. पाण्याकडे कोणी पाहिलेच नाही. शाळेत आम्ही मुलांना सांगतो, की दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीचा कोणता परिणाम, हे तपासल्यावाचून बोलू नये. पण घरात हा नियम कोण पाळतो? घरात नवी सून असली म्हणजे तपासाची गरजच उरत नाही.

मी काय केले, ते सांगतो. दोन स्वच्छ स्टीलच्या ताटल्या घेतल्या. एकीत चार चमचे बोअरचे पाणी घातले. दुसरीत ट्रॅक्टरच्या बॅटरीत भर घालण्यासाठी आणलेले शुद्ध पाणी घातले. हे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून बनवलेले असते. त्यात काहीही विरघळलेले नसते. (बॅटरीतले आम्ल वेगळे आणि हे पाणी वेगळे, आम्लाला हात लावायचा नाही, हे लक्षात ठेवा.) दोन्ही ताटल्या अंगणात उन्हात ठेवल्या आणि वर चाळण्या झाकल्या. संध्याकाळी पाहिले, तो शुद्ध पाण्याची ताटली जशीच्या तशी होती, आणि बोअरच्या पाण्याच्या ताटलीवर पांढऱ्या कडा, पांढरी वर्तुळे, मधे बारीक भुकटी. शेगडीवर होते तेच.

आत्याने ताटली हातात घेतली. कडेवरून बोट फिरवले, बोट जिभेला टेकवले आणि क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “ही तर आपल्या खालच्या पट्टीची खार हाय की!”

त्या एका वाक्यात सारे आले. आत्याची खालची पट्टी म्हणजे ओढ्याकडचा दीड एकराचा तुकडा. पूर्वी तिथे ऊस चांगला येई. पुढे पावसाळा सरला की जमिनीवर पांढरे पापुद्रे दिसू लागले, आणि पीक पिवळे पडू लागले. शेतात जे दिसले ते शेगडीवरही दिसले, हे मला पुस्तकातून सांगावे लागले असते. आत्याला ते जिभेने कळले.

आता हे घडते कसे? पाऊस पडतो तेव्हा त्याचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. ते जमिनीत मुरते, मातीतला कर्बवायू त्यात मिसळतो, आणि अशा पाण्यात चुनखडी थोडी थोडी विरघळते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे किती असतात, हे नांगरणाऱ्याला सांगायला नको. त्याखालचा काळा पाषाण झिजतो, त्याचेही क्षार पाण्यात उतरतात. ह्या भागात पाऊस कमी, वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा हे क्षार धुऊन जाण्याऐवजी इथेच साठून राहतात. पाणी जितके खोल आणि जितका काळ मुरलेले, तितके ते बहुधा जड. आपण त्याला मचूळ पाणी म्हणतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्यालाच दुष्फेन पाणी असे नाव आहे.

हे पाणी तापले किंवा वाळले, की पाणी वाफ होऊन जाते. क्षार मात्र कुठे जाणार? ते मागेच राहतात. बंबाच्या तळाशी चुन्याचा थर बसतो तो हाच. जुन्या भिंतीला लोणा लागतो, त्याचीही रीत हीच. शेगडीवरचा फराटा म्हणजे शेगडीला लागलेला लोणा.

थोडा हिशेब करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा योग्य समजतात, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, तुमच्या बोअरचे पाणी ह्या वरच्या मर्यादेवर आहे. ओल्या फडक्याने शेगडी पुसली की दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर, पाणी तिच्यावर राहते असे धरा. दिवसातून दोनदा पुसले, तर वर्षाला सात लिटरांहून थोडे अधिक पाणी शेगडीवर वाळते, आणि मागे सुमारे साडेचार ग्रॅम चुना राहतो. म्हणजे आपण दर वर्षी लहान चमचाभर चुना शेगडीवर सारवतो, आणि वर म्हणतो, पुसली!

तेव्हा मुद्दा एवढाच, की पाणी जाते आणि क्षार राहतो. म्हणून शेगडीवर पाणी वाळू द्यायचे नाही. ते वाळण्यापूर्वी फडक्याने टिपून घ्यायचे. पुसणे आणि टिपणे ह्यांत हा फरक आहे. टिपून घेतलेल्या पाण्याबरोबर त्यातला क्षारही फडक्यात जातो.

मात्र सगळेच फराटे पाण्याचे नसतात. ते तीन जातींचे असतात, आणि ओळखायला सोपे असतात. पहिला तेलाचा. बोट फिरवले की बोट घसरते, आणि प्रकाशात तिरके पाहिले तर पट्टा किंचित रंगीत दिसतो. फोडणीचे तेल उडते, ते नुसत्या पाण्याने निघत नाही. फडक्याबरोबर शेगडीभर पसरते एवढेच. दुसरा साबणाचा. हा करडा, किंचित चिकट असतो. जड पाण्यात साबणाचा चुन्याशी संयोग होतो आणि पाण्यात न विरघळणारी साय तयार होते. ही साय म्हणजे मळ नव्हे. ती आपणच तयार केलेली असते. साबण जास्त घेतला तर स्वच्छता जास्त होईल, असे वाटते. जड पाण्यात नेमके उलटे होते. आणि तिसरा पाण्याचा, म्हणजे लोण्याचा. हा पांढरा, कोरडा, खरखरीत. तेलाला साबण, साबणाला पाणी आणि पाण्याला कोरडे फडके, असा हा क्रम आहे. क्रम चुकला की मेहनत वाया जाते.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. ही सगळी माझी नव्हे. त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत व्याख्यान दिले, आणि वहिनींनी फडके माझ्या हाती दिले. “भावजी, दाखवाच मग करून!” मी पुसली, आणि माझ्या हातूनही फराटेच उमटले. कारण जे फडके घेतले तेच तेलकट, तेच साबणाचे, तेच ओले. शेवटी वहिनींनीच आत्याच्या जुन्या लुगड्याचे तीन तुकडे केले, आणि वाट सापडली.

श्रावणात शिळासप्तमीला आपण चूल पेटवत नाही. थंड, स्वच्छ करून तिची पूजा करतो. शेगडीच्या बाबतीत हा थंडपणाचा नियम रोज पाळावा. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी पूर्ण निवू द्या. तापलेल्या पत्र्यावर ओले फडके टेकले की पाणी तिथल्या तिथे वाळते आणि डाग पक्का बसतो. शिवाय काचेच्या शेगडीला तडा जाण्याचा धोका असतो. वरच्या जाळ्या उचलून ठेवा. बर्नरच्या टोप्या काढून बाजूला ठेवा.

मग प्रथम कोरडे झाडून घ्या. आपल्याकडे भाकरी थापताना पीठ उडतेच. त्या पिठावर पाणी पडले की त्याची खळ होते, आणि ती खळ फडक्याबरोबर पसरते. तेव्हा पीठ, कण, मिरचीचे बी हे सगळे कोरड्या फडक्याने आधी गोळा करून टाका.

त्यानंतर तेल. भांडेभर सोसवेल इतके गरम पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार थेंब टाका. पहिले फडके त्यात बुडवून घट्ट पिळा. पाणी गळता कामा नये. दूध उतू जाऊन करपले असेल, तर तिथे हे ओले फडके पाच-दहा मिनिटे नुसते पसरून ठेवा. करपलेले मऊ पडते, खरवडावे लागत नाही. पोलादी पत्र्यावर जवळून पाहिले तर पॉलिशाच्या अतिशय बारीक रेघा दिसतात. त्या रेघा ज्या दिशेने असतील त्याच दिशेने हात फिरवा. गोल गोल घासू नका. तेलकटपणा फारच असेल, तर त्या पाण्यात लहान चमचाभर धुण्याचा सोडा टाकता येतो. मात्र सोड्याचे पाणी ॲल्युमिनियमच्या बर्नरला लावू नका, तो काळा पडतो. आणि हातांनाही ते झोंबते.

पुढे साबण काढणे. दुसरे फडके साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून, पिळून, दोनदा फिरवा. मधे एकदा ते फडके खळबळून घ्या. घरी पावसाचे साठवलेले पाणी असेल, किंवा गाळलेल्या पाण्याचा जार येत असेल, तर ह्या शेवटच्या हातासाठी त्यातली वाटीभर पुरते. इथे एक चूक अनेक घरांत होते. पाणी शुद्ध करायच्या आरओ यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते, ते वाया जाऊ नये म्हणून ओटा पुसायला घेतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. ते फरशीचा पहिला हात पुसायला वापरा, शेगडीला नको.

आणि शेवटी, लगेच, टिपणे. तिसरे फडके पूर्ण कोरडे हवे, आणि सुती, जुने, खूप वेळा धुतलेले हवे. आपल्याकडे जुनेर म्हणतात ते. नवे कापड पाणी पीत नाही, नायलॉनचे तर नाहीच. जुने लुगडे, धोतर ह्यांना तोड नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी पाहता पाहता वाळते, म्हणून आधी अर्धी शेगडी पुसून टिपावी, मग उरलेली अर्धी करावी. सगळे मिळून पाच-सात मिनिटांचे काम. तिन्ही फडकी धुऊन उन्हात वाळत घाला, आणि कोरड्याचे फडके इतर कामाला घेऊ नका.

आधीच बसलेला जुना लोणा असेल, तर तो घासून निघत नाही. घासल्याने पत्र्याला चरे पडतात आणि चऱ्यांत लोणा आणखी धरतो. त्याला आंबट लागते. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, आणि तितकेच पाणी, ह्यात फडके भिजवून पांढऱ्या डागावर दहा मिनिटे ठेवा. आम्लाने चुना विरघळतो. थर जाड असेल तर बारीक बुडबुडे दिसतील, तो कर्बवायू. मग साध्या पाण्याने पुसा आणि टिपा. पितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, त्यामागेही आंबटाचीच करामत आहे.

मात्र सावध! आपल्या भागात ओटे कडप्प्याचे किंवा शहाबादी फरशीचे पुष्कळ. हे दोन्ही दगड चुनखडीचेच आहेत. लिंबाचा रस त्यांवर सांडला तर तो डाग काढत नाही, दगडच खातो, आणि तिथे कायमचा निस्तेज ठिपका पडतो. म्हणून आंबट लावण्यापूर्वी शेगडीखाली जुने वर्तमानपत्र किंवा फडके पसरा.

राखेबद्दल विचारतात. राख हे उत्तम साधन आहे. तिच्यातल्या अल्काने तेल सुटते, आणि लोखंडी तव्याला, कढईला ती चालते. पण राखेत वाळूचे कण असतात. चकचकीत पत्र्याला आणि काचेला ती नको, तारेची घासणी तर मुळीच नको. संडास धुण्याचे ॲसिड शेगडीला लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने पत्रा खातो आणि वाफेने छाती भरते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड ही कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. रॉकेलचा बोळाही गॅसच्या शेगडीजवळ नको.

टोप्या, जाळ्या पूर्ण कोरड्या करून बसवा. पेटवल्यावर ज्योत निळी असावी. पिवळी दिसली, भांडी काळी पडू लागली, तर बर्नरची भोके बुजली आहेत असे समजा. शेगडी थंड असताना टाचणीने ती मोकळी करा. नळीच्या सांध्याला साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे. काडी ओढून पाहण्याचा वेडेपणा करू नये. गळती वाटली तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा, विजेचे बटण दाबू नका, आणि घराबाहेर येऊन १९०६ ह्या क्रमांकावर फोन करा.

इथवर शेगडी झाली. आता आत्याच्या खालच्या पट्टीकडे एकदा वळतो, कारण तीही ह्याच गोष्टीचा भाग आहे.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. भोरच्या डोंगरांत पडणारा पाऊस भाटघर, वीर ह्या ठिकाणी अडवला जातो, आणि ते पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर असा प्रवास करीत येते. वहिनी ज्या मुलखातून आल्या, त्याच मुलखातले हे पाणी. तिथे ते मऊ असते. इथे ते शेतात दिले जाते, चुनखडीतून मुरते, वर येते, वाळते, पुन्हा मुरते. आणि बोअरमध्ये उतरेपर्यंत त्याची चव बदलून जाते. कालव्याने ह्या दुष्काळी मुलखाला अन्न दिले, ऊस दिला, साखर कारखाने दिले, हे निर्विवाद. पण कालवा सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांतच, १९१० साली, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे ह्यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पत्रिका लिहावी लागली. म्हणजे हे दुखणे आजचे नव्हे.

हिशेब पाहा. समजा, पाण्यात लिटरमागे अवघे २०० मिलिग्रॅम क्षार आहेत. हे चांगलेच पाणी झाले. उसाला वर्षात दोन मीटर उंचीइतके पाणी दिले, तर एकराला सुमारे ऐंशी लाख लिटर होते. त्यातून शेतात येणारा क्षार सोळा क्विंटल! पाणी उसाने घेतले, उन्हाने घेतले. क्षार बहुतेक सारा शेतातच. निचरा नसेल तर वर्षानुवर्षे ही बेरीजच चालू राहते. जो नियम शेगडीला, तोच शेताला. पाणी वाळून जाऊ देण्यापेक्षा त्याला बाहेरची वाट द्या. शेतात टिपायचे फडके म्हणजे निचऱ्याचा चर. बेताचे पाणी द्यावे, शक्य तिथे ठिबक वापरावे, चर मोकळे ठेवावेत, ताग-धैंचा गाडावा. जमीन खारवट की चोपण, हे माती तपासूनच ठरवावे. जिप्समचा उपयोग चोपणाला, नुसत्या खारीला नव्हे. बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि जवळच माळेगाव खुर्द येथे २००९ पासून जमिनीच्या व हवामानाच्या अशा ताणांचाच अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. विचारायला जागा आहे; आपण विचारले पाहिजे.

गुरुजनांना एक विनंती. दोन ताटल्यांचा प्रयोग वर्गात जरूर करा. मुलांना आपापल्या घरचे पाणी बाटलीतून आणायला सांगा. कोणाकडे कालव्याच्या काठची विहीर, कोणाकडे बोअर, कोणाकडे उजनीच्या फुगवट्याकाठचे पाणी. प्रत्येकाचे चार चमचे पाणी एकसारख्या झाकणांत घालून उन्हात ठेवा, आणि कोणत्या झाकणावर किती पांढरे राहिले, ते गावाच्या नकाशावर मांडा. एका दिवसात, पैसा न खर्चता, गावाच्या पाण्याचा नकाशा तयार होतो. आणि मुलगा घरी जाऊन आईला सांगेल, की आई, तुझा हात चुकत नाही; आपले पाणी जड आहे. माझ्या मते ह्या प्रयोगाचे खरे फळ हे आहे. आणि मुलांनाही तिसरे फडके हातात धरायला शिकवा, मुलींनाच नव्हे. मी शिकलो, मग कोणालाही जमेल.

खालच्या पट्टीला आतेभावाने पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यापर्यंत चर काढला. जमीन एका वर्षात सुधारली नाही. चार-पाच पावसाळे गेले, मग ज्वारी अंगावर धरू लागली. शेगडी मात्र त्याच दिवाळीत चमकली. आत्या आता थकली आहे. मागच्या वर्षी मी गेलो, तेव्हा शेजारची एक बाई आपल्या नव्या सुनेचे गाऱ्हाणे तिच्यापाशी सांगत होती. भांडी चकाकत नाहीत, तांब्या पांढरा दिसतो, वगैरे. आत्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पानी कुठलं भरता?”

श्रोते हो, कोणाच्या हाताला नाव ठेवण्याआधी पाणी कुठले, एवढे आपण विचारू लागलो, तरी माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

नमस्कार.